रोज्याच्या दिवसातलं मीठ

माझं गाव देवगडच्या अलीकडे, आतल्या बाजूला, समुद्र दिसत नाही पण त्याचा वारा लागतो असं. बाबा चिरेखाणीवर. चिरे काढून काढून त्यांची पाठ अशी झालेली की पाठीवर हात ठेवला तर भिंतीला हात लावल्यासारखं वाटायचं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि पास होऊन बाहेर पडलेलाही मीच पहिला, हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री, हे मी कुणालाही सांगतो, सांगायला लाजत नाही. गावात म्हणायचे, अरे शिकून शेवटी जेवणच करतलो ना. मी म्हणायचो, हो, जेवणच करणार, पण शिकून करणार.

ओमानला यायचं ठरलं तेव्हा आईला खरं ते सांगितलं, तिकडे मोठ्या घरात काम आहे, बीफ शिजवावं लागेल. आईने गावच्या रवळनाथासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि मला म्हणाली, दुसऱ्याक घाल पोटभर, कोणाच्या अन्नाक नावा ठेवू नको, पण तुझ्या जिभेक लावू नको. मी हो म्हटलं. ते आजतागायत पाळलं.

आता तुम्ही विचाराल, न चाखता स्वयंपाक कसा होतो. होतो. बोटाने दाबून कळतं, वासाने कळतं, तव्यावरच्या आवाजाने कळतं. मिठाचं तेवढं कळत नाही. त्यासाठी इस्माईलभाई. दाभोळकडचे, माझ्याहून बरेच मोठे, इथे ओमानात बरक्याला आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरी बाजारहाट आणि वरकाम त्यांच्याकडे. मी मांसाचा तुकडा पुढे करायचा, त्यांनी चावायचा, आणि काही न बोलता भुवई वर करायची किंवा नाही करायची. भुवई वर गेली की मीठ कमी. एवढी आमची भाषा.

पण रमजानात ते रोजे ठेवतात. म्हणजे दोघांचीही जीभ बंद. म्हणून आमचा एक नियम होता, रमजानात मीठ एकाच हाताने पडायचं, माझ्या. दुसऱ्याने मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही.

त्या वर्षी अर्बाबच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि इब्री गावाहून तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच इफ्तारला यायची होती. अर्बाब सकाळी स्वयंपाकघरात आले, असे कधी येत नाहीत, म्हणाले, आज बीफ टेंडरलॉइन करा, घराची इज्जत तुमच्या हातात आहे, इन्शाल्ला चांगलंच होईल. आणि गेले. काय सांगू तुम्हाला, हा माणूस मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

टेंडरलॉइन तुम्ही बघितलंय का कधी? पाठीच्या कण्याच्या आतून लपलेली एक लांबट पट्टी असते. जनावर चालतं, ओझं ओढतं, पण त्या स्नायूला फारसं काम पडत नाही, म्हणून ते इतकं मऊ. मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता धरून उभा राहिलो. पाठीतसुद्धा अशी एक जागा असते जिला कष्ट माहीत नाहीत, हे मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. वाईट नाही वाटलं हो, नवल वाटलं.

तर दुपारी मी ते बाहेर काढलं, मीठ चोळलं, मिरी, सुक्या काळ्या लिंबाची पूड. मांस जरा ओलसर आणि गडद दिसत होतं, मला वाटलं फ्रिजचं असेल. मग मांसाला दोरा बांधायला घेतला, तेवढ्यात इस्माईलभाई बाजारातून आले आणि शेजारी कोथिंबीर निवडता निवडता म्हणाले, पहाटे मीठ लावलेलं चांगलं मुरलंय बघ.

माझा हात तिथेच थांबला. म्हटलं, कुणी लावलं? म्हणाले, मी, सहरीचं खाऊन झाल्यावर झोप येईना, म्हटलं तुला या मांसाला हात लावताना कसंसंच होत असेल, तेवढाच तुझा हात हलका. म्हटलं, भाई, मीपण लावलं.

धुतलं आम्ही. पण पाणी वरवरचं नेतं, पहाटेपासून आत गेलेलं कसं निघणार? खारट झालं असेल तर दुसरं मांस त्याच क्षणी काढायला हवं होतं, मगरिबपर्यंत, म्हणजे रोजा सुटेपर्यंत, थांबलो असतो तर खलास. आणि चांगलं असेल तर ते टाकून देणं म्हणजे पाप. चाखल्याशिवाय कळणार नव्हतं, घरात लहान पोरही नाही. शेपटाकडचा निमुळता भाग असतो, त्याची चकती कापली, तव्यावर भाजली, आणि दोघं त्या चकतीकडे बघत उभे.

मी म्हटलं, मी चाखतो, आई समजून घेईल. तुकडा उचलला तर भाईंनी मनगट धरलं. म्हणाले, अरं ठेव, चूक माझी आणि जीभ तुझी बाटवायची, तुझ्या आयशीला मी काय तोंड दाखवू? मी चाखतो. मी म्हटलं, रोजा? म्हणाले, रस्सा जिभेला लावून थुंकता येतो, मांस चावून मला नाही जमायचं, पण जाईल तर जाईल, नंतर एक रोजा भरून देईन. आता मी त्यांचं मनगट धरलं. दोन बाप्ये एकमेकांचे हात धरून भांडतायत, मध्ये तव्यावर एवढासा तुकडा. आवाज वाढला असणार.

दारात हबूबा उभी. हबूबा म्हणजे आजी, अर्बाबची आई. तिला साखरेचा आजार, डॉक्टरने रोजे बंद केलेले, आणि ते तिच्या जिवाला फार लागलेलं. तिचं दुपारचं ताट मीच न्यायचो. ती आधी म्हणायची, दार लाव. दार लागल्याशिवाय घास घ्यायची नाही, सुनांसमोर तर नाहीच. म्हणून तिला विचारायचं दोघांच्याही मनात आलं होतं आणि दोघांनीही ते गिळलं होतं. तिला विचारणं म्हणजे तुझा रोजा नाही हे तोंडावर म्हणणं.

तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, इधर लाओ. मी दार लावायला गेलो. म्हणाली, रहने दो.

उघड्या दारात, बाहेर सुनांची ये-जा चाललेली, ती स्टुलावर बसली, बिस्मिल्ला म्हणाली आणि तो तुकडा तोंडात घातला. हळूहळू चावत राहिली. एक सून दारात थबकली, बघितलं, आणि मान खाली घालून पुढे गेली. हबूबाने चावणं थांबवलं नाही. मग म्हणाली, नमक थोडा ज्यादा, मीठा वाला में मत डालो. म्हणजे मांसावर ओतायच्या खजुराच्या पाकात मीठ घालू नका, तेवढ्याने चव सावरेल. आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, तुम अपना संभालो, तुम भी अपना संभालो. मैं अल्लाह से रोज पूछती थी, मुझे रोजे से क्यों निकाला. आज काम दिया.

मी मांसाला दोरा बांधायला घेतला. इस्माईलभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मांस भट्टीत गेलं, अजानच्या जरा आधी बाहेर काढलं. टेंडरलॉइन लगेच कापायचं नसतं, विसावू द्यायचं असतं, नाहीतर रस ताटात वाहून जातो. आणि बघा, लोकांनी खजूर खाल्ला, ताक प्यायले, नमाजाला उभे राहिले, आणि तेवढा वेळ ते मांस झाकणाखाली निवत होतं. जसं काही तेही रांगेत उभं होतं. कापलं तेव्हा आतून गुलाबी, कुठे रक्ताचा थेंब नाही, कुठे कोरडं नाही. इब्रीच्या म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. अर्बाबने मला बाहेर बोलावलं, सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, अर्बाब, हबूबाने चव बघून दिली. सगळे तिच्याकडे वळले. ती सुनेला म्हणाली, मला पण एक तुकडा वाढ.

आता मुलगी इब्रीला नांदते आहे, सुखी आहे. आणि रमजानात दुपार कलली की हबूबा काठी टेकत स्वयंपाकघरात येते, खुर्ची आम्ही आधीच मांडून ठेवलेली असते. मी चमचा पुढे करतो. ती चाखते, मान हलवते, माझ्या आणि भाईंच्या मनगटांवरून तिचा सुरकुतलेला हात फिरवते आणि म्हणते, अल्लाह ये हाथ सलामत रखे. मी दुसरा चमचा भरतो.