मशीन आधी बघतं, हे सांगायचं कोणी?

...आणि वर ट्रेनिंगवाले म्हणे एकेकाला वेगळं घ्या, हळू आवाजात सांगा! अहो, सांगा म्हणायला काय जातंय, पण सांगायचं कोणी? मी. मशीन टुंक वाजलं तरी दचकणारी मी, आणि मी लोकांना सांगायचं की घाबरू नका, तुमच्या छातीचा फोटो आधी कॉम्प्युटर बघणार, एआय म्हणतात त्याला, डाग वाटला तर तो दाखवतो, मग डॉक्टर बघतात, आणि नको असेल तर नाही म्हणा.

तुम्हाला सांगते, म्हसावदच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं क्षयाच्या तपासणीचं शिबिर. पाड्यावरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघालेली, ट्रक समोर उभा. त्यातली रूपलीबाई किती दिवसांची खोकतेय, एकदा ट्रकात बसली की तिकडे फडात तिला कोण तपासणार? मी तिला खोलीत नेलं, ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं दार लावलं, कुजबुजत सगळं सांगितलं. ती ताडकन उठून बाहेर. तिच्यामागे अख्खी रांग ट्रकाकडे.

आमचे एक्स-रेवाले कुंदनभाऊ म्हणतात, "ताई, तू सांगसच कसाले? कागदवर अंगठा ले नि मोकळी व्हय. त्यास्ले काय समजी ऱ्हायनं?"

म्हटलं, न सांगता फोटो काढायचा नाही. बोलले, आणि माझ्याच आवाजाला दचकले.

गेले ट्रकाजवळ. रूपलीबाईची बोली पावरी, पण माझ्यासाठी मोडक्यातोडक्या मराठीत बोलली, "दार लावून सांगते ते चांगलं नसते. आमच्यात काय बी सगळ्यांत बसून ठरते. इथं सांग."

इथं? ट्रकभर माणसांसमोर? सांगायचं कोणी? मी. ओढणीचा बोळा केला, पण सांगितलं, मोठ्यानं, पहिल्यापासून.

तिचा नवरा भीमसिंग म्हणाला, "मशीन चुकलं तर?"

"डॉक्टर बघतात."

"आन् डॉक्टर चुकला तर?"

सगळा ट्रक हसला, शिबिराच्या दारात उभे असलेले आमचे डॉक्टर सोडून. म्हटलं, "म्हणून तर थुंकी पण तपासतो. एकट्याच्या सांगण्यावर गोळ्या देत नाही कोणाला."

मग त्यांचं आपसांत पावरीत सुरू झालं, संपेचना, माझा जीव टांगणीला... आणि रूपलीबाई खाली उतरली. "काढ फोटो." मागोमाग सगळे. सगळे, हं, ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा.

मशीनने डाग दाखवला, डॉक्टरांनाही तो दिसला, संध्याकाळपर्यंत थुंकीतही क्षय निघाला. निकाल मी दाराआडच सांगितला, तिने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितला. ट्रक तिच्याविना गेला. गोळ्या सुरू झाल्या, आता खोकला नाही, आणि आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरून मला हाक मारते.

फक्त एकच झालंय. डॉक्टरांनी साधी सर्दीची गोळी लिहिली तरी पाड्यावरचं माणूस उठत नाही. "आन् दुसऱ्यांदा कोण बघणार?" डॉक्टर कपाळाला हात लावतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. मग मी चिठ्ठी घेते, वरून खालपर्यंत बघते, गंभीरपणे मान हलवते, तेव्हा कुठे ते घरी जातात... काय करणार. मी बी.ए. आहे. भूगोल.