जाळीतली काकडी

माझं माहेर पैठणकडचं, दिलं बिडकीनजवळ, म्हंजी पाण्याची बोंब तिथंबी तीच आन् इथंबी तीच. काय सांगू तुम्हाला, ह्या घरात उन्हाळा म्हणलं की पिठलं आन् ठेचा, हिरवी भाजी नुसती बाजारात बघायची. लेकरं म्हणायची आये, आज तरी मेथी कर. ते लई लागायचं मला.

धनी गेले, अर्धी जमीन माझ्या नावावर आली. इकडं प्लाटिंगवाले मागं लागलेले. थोरले दीर म्हणले सुमन, इकून टाकू, भाजी काय शहरातल्या छावणीच्या बाजारातून पिशवीभर आणता येती. म्या म्हणलं भावजी, एक उन्हाळा द्या. ते म्हणले दिला, पण घराला पुरंल एवढं नाय निघलं तर मुकाट सही करायची. म्या म्हणलं व्हय.

मग ऊन अडावं आन् थोडक्या पाण्यात भागावं म्हणून हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं आन् घरचं गावरान बी लावलं, काकडीचं. येल चढले, फुलं पिवळीजर्द, आन् काकडी एक नाय! बोटाएवढी व्हायची आन् गळायची. म्या जाळी आजून गच्च बांधली, किडा शिरू नाय म्हणून. दीर बांधावर उभं राहून हसायचे, सुमनची काकडी पडद्यात लाजती म्हणायचे. अंगाची आग व्हायची माझ्या.

एका सकाळी बघते तर मधमाशा भायेरून जाळीवर धडकताय. कपाळावर हात मारला, म्या तर माशीलाच दार लावलं व्हतं, फळ धरंल कसं! मग रोज सकाळी जाळी वर गुंडाळायची, नराचं फूल तोडायचं आन् मादीच्या फुलात फिरवायचं. शेजारणी म्हणायच्या येडी काकडीची लग्नं लावती. लावते म्हणलं, अक्षता घेऊन या.

आन् धरली की हो! भायेर रान भाजून निघालं, आत काकडी, मेथी, कोथिंबीर. पयला तोडा बाजारात नाय नेला, वानोळा काढला. पयला तोडा घरोघर वाटायचा, ही आमच्या सासूची रीत. पयली टोपली दिराच्या दारात. म्हणलं भावजी, घराला पुरून आळीला उरलं. त्यांनी एक काकडी उचलली, जाऊबाईला म्हणले मीठ आण.

प्लाटिंगवाला आजूनबी येतो, कालच आला व्हता. त्याच्याबी हातात काकड्या दिल्या. म्हणलं ने बाबा, तुझी लेकरं सुखात राहू दे, पण सही मागू नको. प्लाट शिजत नाय चुलीवर.