डंपरच्या मागे माधवी

आमची माधवी भित्री वाटते ना तुम्हाला? मग ऐका. दादरच्या एका शाळेत ती नागरिकशास्त्र शिकवते. परवा सकाळी आम्ही दोघी शीवजवळ मिठी नदीच्या काठाने चाललो होतो. राडारोड्याने भरलेला एक डंपर नदीत रिकामा व्हायला मागे मागे येत होता. ही सरळ जाऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"माधवी, बाजूला हो!" मी ओरडले. डंपर तिच्यापासून हातभरावर थांबला.

मुकादम धावत आला. "पालिकेच्या आहात? पोलीस?"

"नाही. पण नदीत भराव टाकणं गुन्हा आहे. गाडी जप्त होते."

"घे रे मागे!" तो ड्रायव्हरवर खेकसला. माधवी हलेना.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मुकादम, गाडी माझी आहे. जप्त झाली तर तुम्ही सोडवून आणणार?"

ड्रायव्हरने गिअर टाकला आणि भरलेला डंपर घेऊन निघून गेला.

माधवी तिथेच मटकन खाली बसली.

मी विचारलं, "खरंच जप्त होते गं?"

"होत असणार," ती म्हणाली. "होत नसेल, तर त्या ड्रायव्हरला सांगू नकोस."