जुन्या मशीनचा आवाज

चालू होतं हो, होतं — ते वरचं बटण नाही, खालचं — हां. आता जरा थांबा, सूर धरायला वेळ लागतो त्याला. बॅटरी पाठीवर घ्या आधी, पट्टे घट्ट करा. जड आहे, मान्य आहे मला, हल्लीची मशीनं म्हणे काठीसारखी हलकी असतात. पण आपण हळू बोलू या हं, क्लेम आत आडवा झालाय — माझा नवरा, हे सोनं शोधायचं मशीन त्याचंच — आणि तुम्ही ते विकत घ्यायला आलाय हे त्याला ठाऊक नाही. जाहिरात आमच्या लेकीनं दिली, जनीननं, जिलाँगला असते ती. मला विचाराल तर — पण मला विचारतंय कोण.

एवढ्या जुन्या मशीनवर आजकाल सोनं सापडतं का, म्हणता? आता खरं सांगायचं तर बारीक सापडत नाही. तांदळाच्या कणीएवढं जे असतं ते याच्या खिजगणतीतही नाही, त्याला नवंच मशीन हवं. पण शेंगदाण्याएवढं असेल, हातभर खोल असेल, तर हे अजून हाक देतं — लाल मातीत जरा कुरकुर करतं, लोखंडी दगडाला फसतं, पण देतं. क्लेम म्हणायचा, मशीन म्हातारं होत नाही, जमीन रिकामी होते. इथल्या डनॉलीच्या घळीघळींतून माणसं इतक्यांदा फिरलीत की आता सोन्याचा एखादा खडा राहिला असेल तर तो सगळ्यांचा डोळा चुकवून राहिलेला. आणि तसलेच क्लेमला सापडायचे. घाई नाही ना त्याला कसली. मशीनची ही खालची तबकडी अशी जमिनीलगत, गवत कुरवाळल्यासारखी — मी डबा घेऊन जायची, तर हा झाडाखाली कानाला हेडफोन लावून उभा, मान तिरकी, मला हातानंच थांबवायचा. मी थांबायची. चहा गार होईपर्यंत थांबायची. एकदा असाच एक खडा निघाला, घेवड्याच्या दाण्यासारखा, तो त्यानं विकला नाही, साखळीत घालून मला दिला.

मग विकता कशाला, म्हणताय? अहो, बरा असता तर विकलं असतं का? गेल्या वसंतात तो सकाळी निघाला तो परतलाच नाही. टार्नागुलाच्या रस्त्यावर लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याला दिसला — डांबरावर तबकडी फिरवत चाललेला, डांबरावर हो — बॅटरी केव्हाच संपलेली, आणि हा कानाला लावून ऐकतोय. ट्रकवाल्यानं घर विचारलं तर याला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच उतरत जाणार. तेव्हापासून त्याला मागच्या कुरणापलीकडे सोडत नाही मी. आणि कुरणात काय असणार? घोड्याचे नाल, गंजके खिळे, डब्यांची झाकणं. न्याहारी झाली की बाहेर पडतो, जेवायला येतो तो चेहरा पाडून. म्हणतो, ‘मर्ल, आपण चुकीच्या जागी आलोय गं. इथं काही नाही. घरी जाऊ या.’ आता घरातच बसलेल्या माणसाला घरी कुठे नेऊ मी?

म्हणून मग मी शिशाचे मणी पुरले. माशांच्या गळाला लावतात ते. म्हटलं, काहीतरी लागू दे हाताला, तेवढाच खूश होईल. एक काढलान् त्यानं, चाकूनं खरवडला, म्हणाला, ‘शिसं,’ आणि दिला फेकून. माझं नाव विसरतो हो तो कधीकधी, पण शिसं कुठलं नि सोनं कुठलं — ते नाही विसरत.

मग — तुम्ही बॅटरी उतरवा ना, खांदे दुखतील — मग महिन्याभरानं मी साखळीतला खडा काढला आणि कुरणातल्या त्या मोठ्या मिरीच्या झाडाशी पुरला. वरवरच, बोटभर. दुसऱ्या दिवशी खिडकीत उभी राहिले. तो त्याच्यावरून गेला. परत आला, परत गेला. थांबला नाही. मला वाटलं, मशीन गेलं कामातून. तो जेवायला बसला तेव्हा मी स्वतः चढवलं ते पाठीवर, उभ्या जन्मात कधी चढवलं नव्हतं, आणि गेले झाडाशी. आणि ऐकू आलं मला. बारीक आवाज, आधी खाली जाणारा आणि मग वर चढणारा, कुणी लांबून साद घालावी तसा. इतकं स्वच्छ की मी पुन्हा एकदा तबकडी फिरवून ऐकलं. म्हणजे मशीन ठणठणीत आहे बघा, तुम्ही निर्धास्त असा.

त्याला तिथं घेऊन गेले मी. हेडफोन त्याच्या कानांवर घातले, आवाज होता तेवढा मोठा केला, तबकडी त्याच्या हातानं धरून खड्याच्या बरोब्बर वर आणली. तो ऐकत राहिला. मान तिरकी केली, अगदी पूर्वीसारखी. मग माझ्याकडे बघून हसला — फार सभ्यपणे हसला हो — आणि म्हणाला, ‘नाही बाई, इथं काही नाही. तुम्ही दुसरीकडे बघा.’

मी म्हटलं, खणून तर बघ. तर म्हणे, आवाज नाही तिथं खणायचं नसतं.

नाही, खडा अजून तिथंच आहे. काढला नाही मी. काढून करू काय? जनीन म्हणते मशीन गेलं की तो विसरेल, मग घरात शांत बसेल. बसेलही. मला नाही कळत. तुम्हाला कळतं का? तुमच्याकडे कुणी आहे का असं — नाही, असो, नका सांगू.

थांबा. उठलाय तो. बूट घातलेत. क्लेम, हे — हे बेंडिगोचे आहेत, सहज आलेत, तुझं मशीन बघत होते. हो, हो, आवडलं त्यांना. परत देतायत ना.

द्या त्याला. हात पुढे केलाय त्यानं, द्या. पट्टे मी लावते. असं… हां. जा तू, जा हळूहळू.

बरं केलंत. आता तुम्हीही निघा, लेकीला मी काहीतरी सांगेन. आणि जाताना फाटकाला कडी घाला. आतून नाही, ती त्याला काढता येते — बाहेरून.