राक्षसींचा देश

(हाकाता बंदराजवळचा मठ. भिक्खू गेंशु जुन्या नकाशाची नक्कल करत बसले आहेत. कागद चिकटवायची खळ घेऊन आलेली नाबे नकाशापाशी थबकली आहे.)

नाबे : ...आणि हा सगळा आपला देश? मला तर भाताचे गोळे रचून ठेवल्यासारखा दिसतोय.

गेंशु : खळ ठेव आणि जा, बाई. हात हलतो माझा.

नाबे : हा कोण मग, खाली दक्षिणेच्या समुद्रात एकटाच पडलाय तो?

गेंशु : राक्षसींचा देश. तिथे नुसत्या बायका राहतात.

नाबे : आत काय लिहिलंय?

गेंशु : तुला काय करायचंय?

नाबे : वाचा ना, महाराज. मला अक्षर कळत असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

गेंशु : ‘इथे गेलेला पुरुष परत येत नाही.’

नाबे : माझ्या नवऱ्याची, यासुकेची होडी दक्षिणेलाच भरकटली. मागच्या होडीवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तीन वर्षं झाली.

गेंशु : ठाऊक आहे. परवा तुझी सासू आली होती. त्याच्या नावाची पाटी करून द्या म्हणाली, मेलेल्यांच्या ओळीत ठेवायला.

नाबे : म्हातारीला भारी घाई! पोटचा पोर ना तो तिचा? महाराज, एवढी एक ओळ गाळा.

गेंशु : नक्कल म्हणजे नक्कल. मूळ कागदाला कसर लागून पडलेली भोकंसुद्धा आम्ही जशीच्या तशी रेखाटतो. ही बघ.

नाबे : पण तिथून कोणी परत आलंच नाही, तर हे सांगितलं कोणी?

गेंशु : माझ्या गुरूंनी लिहिलं. त्यांच्या आधी त्यांच्या गुरूंनी...

नाबे : म्हणजे कोणालाच माहीत नाही.

गेंशु : नाही. रडू नकोस गं. हे बघ, इथे एक भोक रेखाटतो. मुळातच कसरीनं खाल्लं होतं म्हणून सांगेन. पाप लागलं तर मला लागेल.

नाबे : मग ओळ जाईल?

गेंशु : ओळ देशाच्या आत लिहिलीय. देशही जाईल.

नाबे : आणि तिथे काय उरेल?

गेंशु : काय उरणार? सगळा समुद्र.

नाबे : नको, महाराज. राहू द्या त्या राक्षसी. परत येत नाही, हेही लिहा. त्याला पाय टेकायला जमीन तरी असू दे.