हिरवा रकाना

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय हलतो — ही घ्या, हिच्यावर बसा. हां. तर मी काय सांगत होते — तुमची मुलगी हुशार आहे, नाही असं नाही. पण हुशार असणं वेगळं आणि पैशाचं डोकं असणं वेगळं, आणि ते, माफ करा हं, स्पष्टच बोलते, तुमच्या मुलीला नाही. आमच्या शेअरबाजाराच्या खेळात शेवटून पहिली आलीये. अख्ख्या नववीत. आणि मी तुम्हाला त्यासाठी नाही बोलावलं — मार्क काय, येतात जातात — बोलावलंय ते ती उलट उत्तरं देते म्हणून. पाणी हवंय? नको? बरं.

आता तुम्ही म्हणाल, शेअरबाजार आणि नववीची मुलं, संबंध काय? म्हणणारच. आमच्या मुख्याध्यापकांनीही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, सर, पैसे खोटे, कंपन्या खऱ्या. प्रत्येकाला एक लाख खोटे द्यायचे, त्यांनी शेअर निवडायचे, आणि दर शुक्रवारी पेपरात बघून आजचा भाव कॉम्प्युटरवर भरायचा. शीट मी स्वतः बनवली — कुणाची मदत नाही, काही नाही. नवरा विचारायचा, आज जेवायला काय आहे, मी म्हणायचे, थांबा हो, माझा रकाना अडकलाय. कंपनीचं नाव, किती घेतले, कितीला घेतले, आजचा भाव, आणि शेवटी नफा-तोटा. नफा असला की आकडा हिरवा, तोटा असला की लाल — आपोआप! सूत्रही माझंच, आणि त्याला कुलूप घालून ठेवलंय, पासवर्डचं, नाहीतर ही कार्टी काय उद्योग करतील नेम नाही. मुलं भरतात ते मधले रकाने तर मी माझ्याकडे लपवूनच टाकलेत. कशाला हवाय तो पसारा? मी आपली शेवटचा रकाना बघते — हिरवा का लाल, विषय संपला.

तुमच्या मुलीनं काय घ्यावं? औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी! झाकणं! मी विचारलं, का गं बाई? तर म्हणते, 'बाई, बाटली कुणाचीही असो, झाकण लागतंच.' झालं — पहिल्याच शुक्रवारी लाल. दुसऱ्या शुक्रवारी त्याहून लाल. बरं, गप्प बसावं ना? नाही. उभी राहून सगळ्यांदेखत, 'बाई, मला वाटतं हे उलटं दिसतंय.' मी म्हटलं, बाळ, हरणाऱ्याला सगळं उलटंच दिसतं. सगळा वर्ग हसला — म्हणजे, हसावं म्हणून नाही हो म्हटलं मी, सहज आपलं. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी वही घेऊन थेट टेबलापाशी. शेवटी बाहेर उभी केली. काय करणार? एकीचं ऐकलं की बाकीचे डोक्यावर बसतात.

आणि पहिलं कोण आलंय ठाऊक आहे? मागच्या बाकावरचं त्रिकूट! ज्यांना मी वर्षभर कान धरून शिकवलं ते. त्यांनी काय केलं — ऐका हं — घरात जे जे बिघडलं, त्या त्या कंपनीचे शेअर घेतले. एकाकडे पंखा जळला, पंख्यांची कंपनी. दुसऱ्याच्या बुटाचा तळ निघाला, बुटांची कंपनी. तिसऱ्याची खुर्ची पाहुण्यासकट मोडली — खुर्च्यांची! का, तर म्हणे गंमत. आणि हिरवं हो, इतकं हिरवं की डोळे निवावेत. पोरांचा स्वतःचा विश्वास बसेना, माझ्याकडे नुसती टकाटका बघत राहिली. मी उचलून पहिल्या बाकावर आणून बसवलं तिघांना.

एक मिनिट हं — भावाचा फोन. राहू दे, बंदच करते. सकाळपासून भंडावून सोडलंय. शेअर दलालाच्या ऑफिसात असतो तो, पार्टी हवी असणार त्याला. कसली म्हणजे? काही नाही हो, असंच — आता बोलूनच गेले तर सांगते, पण तुमच्यामाझ्यात ठेवा. मी पण घेतलेत. पंखे, बूट आणि खुर्च्या. खऱ्या पैशांचे. म्हणजे माझे नाहीत, सासूबाईंचे — गुडघ्याच्या ऑपरेशनचे. असं बघू नका माझ्याकडे! पोटच्या मुलाकडे नाही दिले त्यांनी, माझ्याकडे दिले — 'तू शाळेत हिशेब शिकवतेस, तुझ्याकडे राहू देत. बँकेत ठेव,' म्हणाल्या. पण बँकेत ठेवून मिळतं काय? त्यांचे दुखतात दोन्ही गुडघे आणि पैसे एकाचेच. मी म्हटलं, त्रिकुटाबरोबर लावले तर दोन्ही होतील. भाऊ नको नको म्हणत होता, त्याला म्हटलं, माझ्याकडे शीट आहे, तुझ्याकडे काय आहे? पुढच्या सोमवारी ऑपरेशन. अहो, जिना चढताना त्या एकेका पायरीवर थांबतात आणि मला बघून हसतात, दुखतंय ते कळू नये म्हणून. मला नाही बघवत. खरंच नाही बघवत.

काय? सूत्र कसं घातलंय? घ्या! मुलगी तुमच्यावरच गेलीये. सोप्पं आहे हो. आधी आपण काय करतो? विकत घेतो. मग भाव बदलतो. जे ज्या क्रमानं घडतं त्या क्रमानं मांडलं — खरेदीतून आजचा भाव वजा. नाही पटत? थांबा, तुमच्या डोळ्यांसमोर करते, म्हणजे घरी जाऊन तिलाही सांगाल. हे कुलूप काढलं. हे रकाने उघडले. समजा, तुम्ही एक शेअर शंभरला घेतलात. आज तो झाला दीडशे. पन्नास सुटले तुम्हाला, बरोबर? तर आता इथं येणार पन्नास, आणि येणार हिरवे —

काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. पुन्हा घालते. शंभर. दीडशे. — लाल कसं काय? वजा पन्नास कुठून आले? बरं, दुसरं घेऊ. शंभरला घेतला, आज चाळीस. म्हणजे बुडालो आपण, चांगलेच बुडालो, आणि इथं —

हिरवं.

अगं बाई. अगं बाई गं. तुम्ही काही बोलू नका. एक शब्द बोलू नका, मला बघू दे. पंखे... बूट... खुर्च्या तर — देवा, किती हिरवं आहे हो हे! आणि झाकणं? झाकणं कुठायत — ही बघा, तळाला. म्हणजे तुमची मुलगी...

कुठाय ती आत्ता? खाली, फाटकापाशी? तिला वर पाठवा. नाही नाही, रागवायला नाही, माझी कुठली हिंमत आता! माफी मागेन, सगळ्या वर्गासमोर मागेन, पण ते नंतर. आधी तिला विचारायचंय, हे पंखे आजच विकू का सोमवारपर्यंत थांबू. आणि तुम्ही खालीच थांबा, मोठ्या माणसांचं इथं काही काम नाही. बघत काय बसलाय? जा ना हो, पळा!