मनकर्णाबाईची हिस्ट्री

…आता म्हातारीनं आणखी कसं सांगायचं, तुम्हीच बोला! बजाजनगरात आमच्या शेजारची मनकर्णाबाई, मूळची पिशोरची. जन्म मेंढरामागं गेला, दुष्काळात मेंढरं विकली आन् आली लेकाकडं, अंगदकडं. तर इथं नळाला पाणी आठ दिवसाला! बाई प्यायची पेलाभर, झाली लघवीला आग. अंगदनं नेली मोठ्या दवाखान्यात.

तुम्हाला सांगतो, बाईला एक गोळी सोसत नाय. पिशोरात एकदा खाल्ली तर तोंड सुजून भोपळा झालतं! गोळीचं नाव येत नाय, पण तिचं रिकामं पाकीट बाईनं पानसुपारीच्या चंचीत सहा वर्सं जपलेलं. केसपेपरच्या खिडकीत दाखवलं, "बाबा, ही मला सोसत नाय…" "आजी, वय सांगा, वय! पुढं सरका!" नर्सबाईला दाखवलं. ती बीपीचा पट्टा आवळत, "बोलू नका, बीपी वाढतं. पुढं सरका!" डॉक्टर म्हणजे कवळं पोरगं, बाहेर ही रांग, वर बघायला फुरसत कुठं? "आग होते? बरं." खरडली गोळी. "डॉक्टर, हे पाकीट जरा…" "कचरा त्या डब्यात टाका आजी. पुढं सरका!" औषधाच्या खिडकीत तर जाळीतून नुसता हात दिसतो… हाताला काय दाखवणार?

घरी बाई म्हणली, "अंगदा, तीच नसंल ना रं?" "माय, तुझी पिवळी व्हती, ही पांढरी हाय. नावबी येगळं. डॉक्टर काय येडा हाय का?" लेकावर इश्वास, गिळली! दुसऱ्या गोळीला व्हट सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीवानी वाजाया लागला. अंगदनं उचलली, रिक्षात घालून परत तिथंच! ह्या खेपेला "पुढं सरका" नाय. सगळे आपणहून बाजूला झाले.

सुया, ऑक्सिजन… तीन दिवसांनी तोंड माणसाचं दिसाया लागलं. सुकेशनी नावाच्या डॉक्टरीणबाईनं दोन्ही पाकिटं शेजारी धरली, "नाव येगळं, रंग येगळा, औषध एकच की!" मग मोठे डॉक्टर आले, मागं शिकाऊ पोरांची पलटण. "आजी, आधी सांगायचं ना!" बाईनं अंगदकडं बघितलं, अंगदनं फरशीकडं. "सांगितलं व्हतं" म्हणाया तिनं तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणले, "हां, जीभ दाखवा."

सुट्टीच्या कागदावर लिहिलं व्हतं, 'रुग्णाने ॲलर्जीची माहिती दिली नाही.' अंगदनं दोनदा वाचलं. बाईनं विचारलं, "काय लिव्हलंय रं?"

"काय नाय माय, तू बरी झाली म्हून लिव्हलंय."

बाईनं खुशीत अंगठा दिला.